उपाशी नसलेली मुलगी

"शेवटचं काय आणि किती वाजता घेतलं तिनं?" सिस्टरने विचारले.

"रात्री नऊला. वरणभात."

"त्यानंतर?"

"काही नाही."

"दूध वगैरे?"

"नाही."

"पाणी?"

"एक घोट. सहा वाजता."

तिने ते कागदावर उतरवून घेतले आणि माझी सही घेतली. चार उत्तरांपैकी दोन खरी होती. पहिले आणि शेवटचे. खोट्याच्या दोन्ही बाजूंना खऱ्याचे कुंपण घातले की वाचणारा आत डोकावत नाही. जुन्या पोथ्यांमध्ये आपल्या पदरच्या ओव्या घुसडणारे लेखनिक नेमके हेच करीत, आणि त्यांना पकडण्यासाठीच विद्यापीठ मला पगार देत होते.

त्रिशला माझ्या मांडीवर बसली होती. वय वर्षे तीन. दवाखान्याचा सैल हिरवा झगा घालून ती माझ्या सदऱ्याचे बटण काजात घालत होती आणि काढत होती. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर सकाळचे पावणेआठ वाजले होते. साडेआठला तिला भूल देऊन आठ दातांवर उपचार व्हायचे होते. आणि पहाटे चार वाजता तिने बाटलीभर दूध प्यायले होते, चार चमचे साखर घातलेले. ते मी दिले होते.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षे झाली.

माझी पत्नी सुप्रभा मेंदूज्वराने गेली तेव्हा त्रिशला चौदा महिन्यांची होती. तेराव्या दिवशी सुप्रभाचा भाऊ भरतेश मगदूम याने विषय काढला. इचलकरंजीत त्याचे यंत्रमाग होते, घर माणसांनी भरलेले होते. "दाजी, पोरगी आमच्याकडं द्या. पुरुषमाणसाला एकट्याला ह्ये जमायचं न्हाई." मी अर्धा तास बोललो. पितृत्व, कर्तव्य, मातेची स्मृती, सगळे योग्य क्रमाने मांडले. ऐकणाऱ्या बायकांनी डोळे पुसले. खरे कारण मी कोणाला सांगितले नाही: त्या घरात श्वास घेणारे दुसरे कोणीतरी मला हवे होते, मग ते कोणी का असेना.

भरतेश म्हणाला, "ठीक हाय. बघूया. पण पोरीची आबाळ दिसली तर मी इचारत बसणार न्हाई. उचलून घिऊन जाणार."

मुलगी माझ्याकडे राहिली. दिवसा शेजारच्या बाई सांभाळत, संध्याकाळपासून मी. सोळाव्या शतकातल्या एका जैन कथाकाव्याची चिकित्सक आवृत्ती मी तयार करीत होतो. तीन हस्तलिखिते, तिन्ही एकमेकांशी भांडणारी. त्या कामाला शांतता लागे. मुलीला बाटली दिली की शांतता मिळे, आणि दुधात साखर वाढवली की शांतताही वाढे. ती बाटली तोंडात धरून झोपे, पहाटे चारला उठे, दुसरी बाटली घेऊन पुन्हा झोपे. यात क्रौर्य कुठेच नव्हते. मी तिच्यावर कधी आवाजही चढवला नाही.

तिच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ आली, ती मी पाहिली. पुढे रेघ तपकिरी झाली, तीही पाहिली. एका दाताचा टवका उडाला तेव्हा मी मनाशी म्हणालो: दुधाचे आहेत, पडायचेच आहेत. मग एका रविवारी तिचा गाल सुजला आणि नेमका त्याच रविवारी भरतेश येऊन टपकला.

डॉ. शलाका पेठकर फक्त लहान मुलांचे दात बघत. असे कोणी असते हेच मला नवे होते. त्यांनी त्रिशलाला खुर्चीत बसवले नाही. त्या एका स्टुलावर बसल्या, मला समोरच्या स्टुलावर बसवले आणि म्हणाल्या, "पुढे सरका. अजून. माझ्या गुडघ्यांना गुडघे टेकवा." त्या दोन मांड्यांच्या पुलावर मुलीला आडवे केले: पाय माझ्या कमरेभोवती, डोके त्यांच्या मांडीवर. मुलगी रडली, पण तिला माझा चेहरा दिसत होता. सुप्रभा गेल्यापासून माझ्या इतक्या जवळ कोणी बसले नव्हते. एका अनोळखी बाईचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले होते आणि तिचे सारे लक्ष माझ्या मुलीच्या तोंडात होते.

"पाच दिवसांची नोंद आणा," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडात जे जे जाईल ते, वेळेसकट. औषधसुद्धा."

ती नोंद मी एका बैठकीत लिहिली. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बनावट मजकूर उघडे पाडले. माझा स्वतःचा हा पहिलाच. दूध दोनदा, पेल्याने, बिनसाखरेचे. केळे. भाकरी. एकदा बिस्कीट, विश्वसनीयतेसाठी.

डॉक्टरांनी ती वाचली. भरतेश माझ्या मागे खुर्चीत बसला होता.

"अक्षर सुंदर आहे तुमचं, सर. पाच दिवसांत एक खाडाखोड नाही. सगळं एकाच दमात लिहिल्यासारखं."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"बरं. आता हे बघा." त्यांनी मुलीचा वरचा ओठ बोटाने अलगद वर केला. "वरचे पुढचे चार. दोन हिरडीपर्यंत गेलेत, दोन जायच्या वाटेवर. आणि हे खालचे चार. एक डाग दाखवा मला."

खालचे चार दात तांदळाच्या दाण्यांसारखे स्वच्छ होते.

"एकाच तोंडातले, जवळजवळ एकाच वयाचे. वरचे गेले, खालचे राहिले. का? कारण बाटलीचं निपल तोंडात असताना जीभ खालच्या दातांवर असते. जीभ त्यांना झाकते. वरच्यांना कोणीच झाकत नाही. झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध तिथं रात्रभर साचून राहतं. हे चॉकलेटचं काम नाही. चॉकलेट असं वरचं-खालचं निवडत बसत नाही."

मी तिच्या तोंडात पाहत राहिलो. तीन हस्तलिखितांवर मी चार वर्षे घालवली होती; या बाईने एक मजकूर चार मिनिटांत वाचला होता.

"सर, मी पोलीस नाही. मला फक्त ते बंद व्हायला हवंय. तिच्या तोंडात काय चाललंय ते मला दिसतं. घरात काय चाललंय ते तुम्ही सांगायचं."

माझ्या मागे खुर्ची करकरली. भरतेश पुढे वाकला होता. खरे उत्तर दिले असते तर संध्याकाळी मुलगी इचलकरंजीत असती.

"तिची आजी," मी म्हणालो. "माझ्या सासूबाई. कुरुंदवाडला असतात. महिन्यातून आठ-दहा दिवस येऊन राहतात. लाडानं बाटली देतात. किती वेळा सांगून पाहिलं."

"आमची आई?" भरतेशचा आवाज मागून आला.

"जुन्या वळणाच्या आहेत त्या. त्यांचा काही दोष नाही."

हे शेवटचे वाक्य मला आजही आठवते. ते जोडले नसते तर कदाचित तो आळ ढासळला असता. औदार्याने त्याला पाया मिळाला.

"महिन्यातले दहा दिवस," डॉक्टर म्हणाल्या. त्या माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या, मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले.

"पण डॉक्टर," भरतेश म्हणाला, "दुधाचंच दात न्हवं? पडणारच की. एवढ्याश्या पोरीला भूल देऊन कशाला?"

"मागच्या दुधाच्या दाढा अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात. अजून नऊ वर्षं तिनं काय, हिरड्यांनी भाकरी चावायची? आणि या सुजेतला पू खाली जातो. खाली तिचे कायमचे दात तयार होताहेत. आठ दात आहेत. जागेपणी करायला बसले तर ती जन्मभर तोंड उघडणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भुलेच्या आधी सहा तास दूध नाही. दूध म्हणजे पाणी नव्हे, दूध म्हणजे जेवण. पोटात असलं तर भुलेत उलटून फुप्फुसात जातं आणि मूल हातात राहत नाही. काय म्हटलं मी? तुमच्या तोंडून ऐकू दे."

मी शब्दशः म्हणून दाखवले. पाठांतर माझे नेहमीच चांगले.

त्या पहाटे चारला ती उठली आणि रडू लागली. मी पंधरा मिनिटे तिला थोपटले. मग उठून दूध गरम केले. कारण शोधायला गेलो तर एकच सापडते: ते रडणे मला एकट्याने ऐकवेना.

आठच्या सुमारास सासूबाई जिना चढून आल्या. जिनमती मगदूम, वय बासष्ट, पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी. त्या आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे मुक्कामाला यायच्या होत्या. पण चतुर्दशी होती, त्यांचा निर्जळी उपवास होता, मंदिरातली पूजा लांबली आणि संध्याकाळची गाडी चुकली. म्हणून पहाटेची पहिली एसटी धरून त्या थेट दवाखान्यात आल्या. हे फक्त मला ठाऊक होते. मागाहून मोटारसायकलवरून आलेल्या भरतेशला वाटले, आई रात्री माझ्या घरीच होती. तो आल्या आल्या औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला.

सासूबाईंनी तरुणपणी एका मुनींसमोर सत्याचे अणुव्रत घेतले होते. कुरुंदवाडला बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू त्यांना साक्षीला बोलावत. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही, अष्टमी-चतुर्दशीला अन्न नाही, आणि खोटे कधीच नाही. मला, ज्याने या धर्माचे ग्रंथ संपादित केले होते, त्यांची ही निष्ठा संशोधनाच्या दृष्टीने रोचक वाटे.

त्या माझ्याशेजारी बसल्या. मुलीचा तळवा हातात घेतला. तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"कवा जेवली?"

"रात्री नऊला."

"मग?"

"मग काही नाही. डॉक्टरांनी मना केलंय."

त्रिशलाने बटण काजात घातले आणि विजयाने त्यांच्याकडे पाहून हसली. सासूबाईंनी खालच्या आवाजात म्हटले, "श्रेणिकराव, ही पोर उपाशी न्हाई."

"काय?"

"मी कालधरनं उपाशी हाय. उपास माणसावर कसा दिसतो त्ये मला कळतं. अकरा तास रिकाम्या पोटाची पोर बटणाशी खेळत बसत न्हाई. अंग टाकती, किरकिर करती. आणि जिभेवर बगा तिच्या. साय हाय."

"तुम्हाला भास होतोय. प्रवासानं दमला आहात."

"चारला उठती ती, मला ठावं हाय. काय दिलं असंल तर सांगा त्यास्नी. अजून येळ हाय."

"काहीही दिलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मान वळवली. तेवढ्यात आतले दार उघडले. डॉ. पेठकर आणि भूलतज्ज्ञ बाहेर आले. त्याच वेळी भरतेशही औषधांची पिशवी घेऊन वर पोहोचला.

"या आजी का?" डॉक्टरांनी विचारले. "बरं झालं आलात. तुमच्याशी बोलायचंच होतं. आजी, ती बाटली आता कायमची बंद."

"कसली बाटली?"

"गोड दुधाची. तुम्ही इकडं आलात की नातीला देता ती. सरांनी सगळं सांगितलंय मला. तुमची माया कळते, पण तिच्या तोंडाची काय दशा झालीय ते बघितलंत का?"

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. त्या नजरेला शब्द द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. तिच्यात राग नव्हता. गावात कोणी बांधावरून खोटे बोलत असेल तेव्हा त्या त्याच्याकडे असेच बघत असतील: माणूस किती खोल गेला आहे याचा अंदाज घेत.

"आई, तू तरी..." भरतेश पुटपुटला.

भूलतज्ज्ञाने सिस्टरच्या हातातला कागद घेतला. "नऊनंतर काही नाही. पोट रिकामं. उत्तम." आणि त्याने माझ्या मांडीवरून मुलीला उचलले. ती मुकाट गेली. जाताना माझे बटण तिच्या हातातून सुटले.

दारापर्यंत सहा पावले होती. त्या सहा पावलांत मी काय विचार केला ते मला तंतोतंत आठवते, आणि ते लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे. मी विचार केला: चार तास झाले आहेत. बरेचसे दूध पचले असेल. नियम नेहमी गरजेपेक्षा कडक करतात. मुली धडधाकट असतात. मी हाही विचार केला, की आता बोललो तर भरतेशसमोर तीन खोटी एकदम उघडी पडतील. आणि मी बसून राहिलो. कोणी मला धरून ठेवले नव्हते.

"थांबा!"

सासूबाई उभ्या होत्या.

"दूध प्यालीया ती. पाटं चार वाजता. बाटलीभर."

भूलतज्ज्ञ जागच्या जागी वळला. "कुणी दिलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "मीच दिलं. रडाय लागली. ऱ्हावलं न्हाई मला."

मग डॉक्टर बोलल्या, आणि अगदी हळू बोलल्या म्हणून ते अधिक वाईट होते. "आजी, अर्ध्या तासात मी हिला भूल दिली असती. कळतंय तुम्हाला? अर्ध्या तासात."

"आई, अगं काय केलंस ह्ये!" भरतेश ओरडला. "पोरगी मेली असती!"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "मेली असती."

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. तेवढी कीव त्यांनी केली.

"आणि सर, तुम्हाला पत्ता नाही?" डॉक्टरांनी मला विचारले. "तुमच्याच घरात?"

"मी झोपलो होतो," मी म्हणालो.

हे चौथे.

शस्त्रक्रिया अकरापर्यंत पुढे ढकलली गेली. डॉक्टरांनी सासूबाईंना बजावले की मुलीजवळ थांबायचे नाही. त्यांनी पुन्हा काही भरवले तर आजचा दिवस वाया जाईल. सासूबाई जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. नऊनंतर त्रिशलाला खरी भूक लागली. मग तिने अंग टाकले, किरकिर केली, सासूबाई म्हणाल्या होत्या तसे सगळे केले. "आजी पायजे," ती म्हणत होती. वीस पावलांवर आजी बसलेली तिला दिसत होती. मी तिला घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो, पाठ त्या बाकाकडे करून. दोन तास. ती हात माझ्या खांद्यावरून मागे पसरून "आजी, आजी" म्हणत राहिली आणि मी तिला रस्त्यावरच्या रिक्षा दाखवत राहिलो. मागून एकदाही आवाज आला नाही.

एक वाजता ती बाहेर आली. वरचे दोन दात काढले होते, दाढांवर स्टीलच्या कॅप बसवल्या होत्या, ओठ सुजले होते. भुलेतून उठताना तिने डोळे न उघडता हात चाचपडला. मी माझे बोट दिले.

डॉ. पेठकरांनी सूचनांचा कागद हातात ठेवला. चौथी ओळ अशी होती: मुलाला आजीकडे एकटे ठेवू नये. खाली ठसठशीत रेघ.

भरतेशने मला जिन्याखाली गाठले. धिप्पाड माणूस, डोळे लाल. "दाजी, माझंच चुकलं. मी तुमच्यावर संशय घेतला. मनात ठरवून आलतो, आज पोरगी घिऊन जायची म्हणून. आता त्यो विषय संपला. ती तुमच्याजवळच ऱ्हाऊ दे. आईला मी सांगतो, ह्यापुढं कोल्हापूरला पाय ठेवायचा न्हाई." त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही एवढं शिकल्यालं माणूस, सगळं एकट्यानं करालाय. आणि आमचीच माणसं असली."

त्याने आईला बसस्टँडवर सोडायचेही नाकारले. त्रिशला त्याच्या कडेवर झोपली होती. मी सासूबाईंबरोबर रिक्षाने गेलो. दोन वाजत आले होते. परवाच्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हते, पाणी नव्हते. फलाटावर मी म्हणालो, "काहीतरी खाऊन घ्या. केळी आणतो."

"नगं. दिवस मावळायच्या आत घरी पोचते. दर्शन करून बगते."

कुरुंदवाडची गाडी लागली होती. त्या चढायला निघाल्या तेव्हा मी एकदाचे तोंड उघडले. "तुम्ही का... तुम्ही तर खोटं बोलत नाही कधी."

त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि दांडी धरली.

"त्यो माणूस तिला घिऊन चाललावता. 'श्रेणिकरावांनी दिलं' म्हटलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणला असता. मग वाद. कोण खरं, कोण खोटं. तवर ती आत गेली असती. 'मी दिलं' म्हटल्यावर कुणी वाद घालत न्हाई." त्यांनी पिशवी वरच्या पायरीवर ठेवली. "मी खोटं बोलले, त्याचं मी बगून घीन. तुमचं तुम्ही बगा."

"मी भरतेशला सांगतो सगळं."

"सांगा की," त्या म्हणाल्या. मी सांगणार नाही, हे त्यांच्या आवाजात स्वच्छ होते. मग त्या वळल्या. "रात्री रडली तर दूध देऊ नगा. जवळ बसा. चार रात्री रडंल, पाचव्या रात्री झोपंल. पुस्तक घिऊन नगा बसू. नुस्तं बसा."

पाचव्या नव्हे, सातव्या रात्री ती झोपली. त्या सात रात्री मी नुसता बसलो. माझ्या आयुष्यातल्या बिनपुस्तकाच्या तेवढ्याच काय त्या.

सासूबाई पुन्हा आल्या नाहीत. भरतेशने आणले नाही, मी बोलावले नाही, आणि डॉक्टरांचा कागद माझ्याजवळ होताच. त्रिशलाला नवे दात आले, सरळ, निरोगी. माझी आवृत्ती प्रसिद्ध झाली. प्रक्षिप्त ओव्या ओळखण्याच्या माझ्या अचूकतेचे विद्वानांनी कौतुक केले. त्रिशला नववीत असताना सासूबाई गेल्या. तिची सहामाही चालू होती. मी एकटाच गेलो. तिथे भरतेश म्हणाला, "त्या दिवसापास्नं आईनं दूध आणि साखर सोडली व्हती, दाजी. अकरा वर्सं. प्रायश्चित्त म्हणून. जे झालं ते तिला लागलं व्हतं." कसले प्रायश्चित्त, ते त्याला ठाऊक आहे असे तो समजत होता. समोर पंगत बसली होती, वाढपी मीठ वाढत होता. मी त्याला तसेच समजू दिले.

गेल्या वर्षी मी पुण्याला त्रिशलाकडे गेलो. तिचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्याला खालचे पहिले दोन दात आले होते. त्या घरात त्रिशलाच्या सासूबाई, विमलाबाई, दिवसभर एका खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या असत. नातू त्यांच्याकडे झेपावला की त्रिशला त्याला उचलून नेई. भरवायचे तिने, पाजायचे तिने. विमलाबाईंनी एकदा भिजवलेला खजूर कुस्करून आणला, तेव्हा ती हसत, पण ठामपणे म्हणाली, "आई, नको. माझ्या आजीनं लाडानं मला जवळजवळ मारलं होतं. दात तर घालवलेच. मी या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नाही."

विमलाबाईंनी वाटी परत नेली.

त्या दुपारी बाळ झोपले होते. मी जेवणाच्या टेबलाशी बसून तिला सगळे सांगितले. पाच दिवसांची नोंद, खालचे चार दात, पहिली एसटी, सहा पावले. क्रमाने, संदर्भासहित, स्वतःला कुठेही सवलत न देता. त्रिशलाने हातातले काम न थांबवता ऐकले. बोलून संपल्यावर ती जवळ आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "आईंना वाईट वाटलं, ते तुम्हाला बघवलं नाही. कळतं मला. पण त्यासाठी एवढं रचून सांगायची काही गरज नव्हती."

"मी रचून सांगत नाहीये."

"मामानं डोळ्यांनी पाहिलंय. आजी स्वतः म्हणाली होती, मीच दिलं. आणि ती खोटं बोलत नसे, हे तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात ना?" ती हसली. "तुम्ही आणि बाटली! तुम्ही माझ्यासाठी सात रात्री जागलात, ते मामा अजून सगळ्यांना सांगतो."

मी आणखी काही म्हणणार होतो. आत बाळ रडले आणि ती धावत गेली.

स्वयंपाकघराच्या दारात विमलाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले असावे. त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

"सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्यासाठी तुम्ही एवढं स्वतःवर घेतलंत. दुसऱ्यासाठी एवढं खोटं कोण बोलतं हो, आजकाल?"